कमी बजेटात टार्गेट शूटिंगसाठी इंपोर्टेड पिस्तूल: नक्की काय घ्यावं?

नवखा_नेमबाज

नमस्कार मंडळी,

सात महिने झाले, नेमाने रेंजवर जातोय. सराव सगळा क्लबच्या पिस्तुलांवर. एअर पिस्तूल बरंचसं, अधूनमधून .२२ (बारीक काडतुसाचं). आता परवान्याचं काम मार्गी लागलंय (तो प्रत्येक देशाचा वेगळा विषय, त्यावर इथे चर्चा नको, हात जोडतो) आणि स्वतःचं पिस्तूल घ्यायचे डोहाळे लागलेत.

अडचण एकच, खिसा. ऑलिंपिकमध्ये दिसणारी नामांकित टार्गेट पिस्तुलं माझ्या आवाक्यात नाहीत. त्यांच्या चौथ्या हिश्श्यात काय येतं ते बघतोय. माझ्या डोक्यात तीन गोष्टी आहेत:

एक, सीझेड ७५ या चेक पिस्तुलाच्या वळणाचं तुर्की बनावटीचं नवंकोरं ९ मिमी. दोन, जुनं लष्करी पिस्तूल, म्हणजे टोकारेव, मकारोव किंवा नागांट रिव्हॉल्व्हर. तीन, साधंसं .२२.

स्वसंरक्षण वगैरे काही डोक्यात नाही. कागदावर भोकं पाडायची आहेत, जमल्यास मधोमध. मन टोकारेवकडे ओढ घेतंय हे आधीच कबूल करतो. जाणकारांनी वाट दाखवावी.

टवाळ

मी पहिला! आता सावकाश वाचतो.

खडूसकाका

सगळं लिहिलंत, स्कोर लिहिला नाहीत. क्लबच्या एअर पिस्तुलावर ६० गोळ्यांत किती होतात? त्याशिवाय सल्ला देणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

नवखा_नेमबाज

काका, ६०० पैकी ४७० ते ४८०. एकदा ४९१ झाले होते, तो कागद जपून ठेवलाय.

खडूसकाका

म्हणजे सरासरी आठच्या आसपास. मग ऐका. तुमच्या हातात जगातलं सर्वांत महाग पिस्तूल दिलं तरी ४८० चे फार तर ४९० होतील. अंगण वाकडं नाहीये.

रेंजवाली_ताई

काका, पहिल्याच पानावर पोराला घाबरवू नका हो. सात महिन्यांत ४८० वाईट नाहीत.

पण मुद्दा खरा आहे. नवख्या माणसाला पिस्तुलाची अचूकता कधीच कमी पडत नाही. कमी पडतो तो ट्रिगर. स्वस्त पिस्तुलाची नळी बहुतेक वेळा तुमच्यापेक्षा चांगली असते. ट्रिगर मात्र खरखरीत, जड आणि कधी सुटेल ते न सांगणारा. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाला ट्रिगरचं किमान वजन ५०० ग्रॅम, २५ मीटरच्या .२२ ला १००० ग्रॅम. साधं लष्करी पिस्तूल डबल अॅक्शनमध्ये, म्हणजे घोडाही ट्रिगरनेच चढवायचा असतो तेव्हा, ओढायला त्याच्या चार-पाच पट जोर लागतो. तो जोर लावताना सगळा पंजा आवळला जातो, नाक खाली जातं आणि गोळी सात वाजता सहाच्या रिंगणात.

शंकासुर

एक बाळबोध प्रश्न. "सात वाजता" म्हणजे?

रेंजवाली_ताई

टार्गेट म्हणजे घड्याळाची तबकडी समजायची. बारा वर, सहा खाली. उजव्या हाताने मारणारा ट्रिगर हिसडतो तेव्हा गोळ्या खाली डावीकडे जातात, म्हणजे सात-आठ वाजता. भोकांवरून माणसाची खोड ओळखता येते.

वंगणवाला

टोकारेवचं नाव निघालं म्हणून कीबोर्ड ओढला. माझ्याकडे जुन्या लोखंडाचं प्रेम अंमळ जास्तच आहे, तेव्हा हा प्रतिसाद लांबणार.

टीटी-३३ देखणं पिस्तूल. आत डोकावलं तर ब्राउनिंग या अमेरिकी रचनाकाराची सगळी छाप दिसते, पण ट्रिगरचा अख्खा संच एका तुकड्यात बाहेर निघतो. साफसफाई करणाऱ्याला दुवा द्यावासा वाटतो. काडतूस ७.६२×२५. गोळी हलकी आणि भलती वेगवान, सेकंदाला ४०० मीटरच्या वर. आवाज असा की शेजारच्या लेनवाला वळून बघतो. मूळ बनावटीत वेगळी सेफ्टी (चुकून गोळी सुटू नये म्हणूनची कळ) नाही, आयात केलेल्या बऱ्याच नगांवर ती नंतर बसवलेली असते आणि ती कशी बसवलीय यावर ट्रिगरचं नशीब ठरतं. साईट म्हणाल तर पुढे एक पातळसं पातं, मागे बारीकशी खाच. तरुण डोळ्यांना दिसते.

मकारोव म्हणजे १९५१ साली सोव्हिएत सैन्यात आलेलं. नळी चौकटीला घट्ट बसवलेली, वरच्या सरकत्या स्लाइडबरोबर हलत नाही, त्यामुळे एवढ्याशा आकाराच्या मानाने अचूक. पण मूठ आखूड आणि दोन साईटमधलं अंतर त्याहून आखूड. काडतूस ९×१८. हे नेहमीचं ९×१९ नव्हे! गोळीचा व्यासही वेगळा, ९.२ मिमीच्या वर. नाव सारखं म्हणून डबे अदलाबदल करू नका.

नागांट १८९५. ही गंमत आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर आणि नळी यांच्यात फट असते, तिथून वायू निसटतो. नागांटचं सिलिंडर घोडा चढवल्यावर पुढे सरकून नळीला चिकटतं. काडतुसाचं तोंड गोळीच्याही पुढे आलेलं असतं, ते नळीत शिरून फट बुजवतं. कल्पना इतकी चांगली की पुढे तुला या रशियन शहरातल्या कारखान्याने त्याच काडतुसाचं तोझ-३६ हे खास स्पर्धेचं रिव्हॉल्व्हर काढलं. पण मूळ लष्करी नागांटचा डबल अॅक्शन ट्रिगर? दोन बोटं लावावीशी वाटतात. सात काडतुसं एकेक करून भरा, एकेक करून ढकलून काढा. संध्याकाळ छान जाते, स्कोर होत नाही.

आणि जुन्या लष्करी साठ्यातल्या काडतुसांबद्दल. त्यांच्या प्रायमरमध्ये (पिन आपटल्यावर पेटतो तो भाग) बरेचदा पोटॅशियम क्लोरेट असतं. जळल्यावर मागे उरतो तो क्षार, मिठाचा भाऊ. हवेतला ओलावा ओढतो आणि दोन दिवसांत नळी गंजते. तेलाने तो क्षार जात नाही. आधी गरम पाणी, मग कोरडं फडकं, मग तेल. पिस्तुलात पाणी ओतायचं म्हटल्यावर लोकांचे हात कापतात, पण विरघळणारी गोष्ट पाण्यातच विरघळते.

टवाळ

"स्कोर होत नाही" एवढंच सांगायला चार परिच्छेद. पण आवडले. वाखुसा (वाचनखूण साठवली).

तिरकस

वंगणवाल्यांचा प्रतिसाद नेहमीप्रमाणे रसाळ. पण धागाकर्त्याच्या पहिल्या पर्यायाकडे कुणी बघतच नाहीये.

मी सीझेड ७५ वळणाचं एक तुर्की पिस्तूल चार वर्षं वापरतोय. ही रचना १९७५ ची, स्लाइड चौकटीच्या आतल्या खाचांत धावते, त्यामुळे नळीचा अक्ष हाताजवळ राहतो आणि धक्का सरळ मागे येतो. वजनदार पोलाद. घोडा चढवून सिंगल अॅक्शनमध्ये मारलं तर ट्रिगर अगदी सभ्य. साईट बदलता येतात, मॅगझिन मिळतात, स्प्रिंगा मिळतात. जगभर इतक्या कारखान्यांनी ही रचना उचलली की सुट्या भागांची चिंता नाही. (एका कारखान्याचा भाग दुसऱ्याच्या पिस्तुलात बसेलच असं नाही, हे मी पैसे घालवून शिकलो.)

आणि ज्यांना हलका ट्रिगर हवा त्यांनी फिलिपाइन्समध्ये बनणारी १९११ या जुन्या अमेरिकी मॉडेलच्या नकलेची पिस्तुलं बघावीत. ती रचनाच सिंगल अॅक्शन, ट्रिगर सरळ मागे सरकतो. त्याच किमतीत इतका चांगला ट्रिगर दुसरीकडे मिळत नाही.

सगळ्यांनी नेमबाजीचे प्राध्यापक व्हायची गरज नाही. माणूस हौसेने रेंजवर गेला पाहिजे. .२२ च्या टिकटिकीने कंटाळून खेळ सोडलेले लोक मला माहीत आहेत.

खडूसकाका

आणि ९ मिमीच्या धक्क्याने डोळे मिटायची सवय लागून कायमचे बिघडलेले मला माहीत आहेत. यादी देऊ?

तिरकस

द्या की. पहिलं नाव तुमचंच असणार.

खडूसकाका

आहेच. दोन वर्षं गेली ती सवय मोडायला. म्हणून तर बोलतोय.

बेरीज_वजाबाकी

भांडण चालू द्या, मी पाटी-पेन्सिल घेऊन आलोय.

पहिलं गणित गोळ्यांचं. आठवड्यातून दोनदा, दर वेळी ६० गोळ्या. वर्षाचे ५० आठवडे धरा. ६००० गोळ्या. स्वस्त पिस्तूल घेताना जे वाचवलं ते ९ मिमीच्या ६००० काडतुसांत केव्हाच उडून जातं. .२२ ची गोळी त्याच्या कितीतरी खाली, आणि एअर पिस्तुलाचा छर्रा त्याहूनही खाली. पिस्तूल एकदाच विकत घ्यायचं असतं, गोळ्या रोज. याला आमच्यात चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात.

दुसरं गणित साईटचं. पुढची साईट मागच्या खाचेत १ मिमी सरकली तर कागदावर किती फरक पडतो? टार्गेटचं अंतर भागिले दोन साईटमधलं अंतर. लष्करी पिस्तुलात ते साधारण १५० मिमी. टार्गेट २५ मीटरवर, म्हणजे २५००० भागिले १५०, जवळजवळ १६७ मिमी! २५ मीटर अचूकतेच्या कागदावर दहाचं रिंगण ५० मिमी व्यासाचं आणि पुढचं प्रत्येक रिंगण २५ मिमी बाहेर. म्हणजे डोळ्याला कळेल न कळेल अशी चूक आणि गोळी थेट चारच्या रिंगणात. स्पर्धेच्या .२२ पिस्तुलात साईटमधलं अंतर २२० मिमीपर्यंत नेता येतं, तिथे हीच चूक ११४ मिमी. फरक मोठा आहे.

आणि हात सरळ ठेवून अख्खं पिस्तूल १ मिमी बाजूला गेलं तर? गोळीही फक्त १ मिमी बाजूला. म्हणून हात थरथरला तरी चालतो, साईट एकमेकींत नीट बसलेल्या हव्यात.

शंकासुर

हे शेवटचं वाक्य मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. (मी पण नवखाच आहे, लपून वाचतोय.) मी कायम हात स्थिर करायच्या मागे.

रेंजवाली_ताई

सगळेच तिथे अडकतात. नजर पुढच्या साईटवर, टार्गेट धूसर. धूसर टार्गेट सहन करायला शिकणं हा अर्धा खेळ.

आता माझं मत. .२२ घेणार असाल तर दिसायला लष्करी असलेलं स्वस्त .२२ घेऊ नका. त्यातली बरीच पिस्तुलं हाय व्हेलॉसिटी काडतूस असेल तरच नीट रिकामं काडतूस फेकतात. टार्गेटचं काडतूस स्टँडर्ड व्हेलॉसिटीचं, ध्वनीच्या वेगाखालचं. ते घातलं की अर्ध्या मालिकेत अडकतं. खरी टार्गेट पिस्तुलं नेमकी याच मऊ काडतुसासाठी बनवलेली असतात. वापरलेलं, जुनं, पण जन्माने टार्गेट पिस्तूल बघा. रशियन इझ-३५एम किंवा त्याआधीचं मार्गोलिन अजूनही लोकांच्या हातात दिसतं.

वंगणवाला

मार्गोलिन! ताई, तुम्ही आता मला आवरू नका.

अवांतर: मिखाईल मार्गोलिन हा माणूस आंधळा होता. तरुणपणी डोक्याला गोळी लागून दृष्टी गेली. पिस्तुलाचे भाग तो हाताने चाचपून, प्लॅस्टिसिन आणि लाकडाचे नमुने करून रचायचा. जे यंत्र दुसऱ्यांनी डोळ्यांनी नेम धरून वापरायचं, ते त्याने कधी पाहिलंच नाही. वर साईट अशी दिलीय की मागची साईट स्लाइडवर नाही, स्थिर कमानीवर बसवलेली. स्लाइड मागेपुढे होते, साईट हलत नाही.

चष्मिस

आणि इथे आम्ही चष्म्याचा नंबर वाढला म्हणून स्कोर पडतो असं कोचला सांगतो.

टवाळ

चष्म्यावरून आठवलं. पॅरिस २०२४ मधले ते तुर्की काका, युसुफ दिकेच. साधा चष्मा, टी-शर्ट, खिशात हात, आणि मिश्र सांघिक एअर पिस्तुलात रौप्य. तेव्हा धागाकर्त्याला माझा सल्ला: पिस्तूल राहू दे, आधी चांगल्या खिशाची पँट घे.

खडूसकाका

टवाळराव, खिशात हात सगळेच घालतात. एक हात वापरायचा नियम आहे, दुसरा लोंबकळत राहिला तर अंग डोलतं. आणि साध्या वेषाकडे बघून फसू नका, त्या माणसाच्या हातातलं पिस्तूल साधं नव्हतं आणि पॅरिस ही त्याची पाचवी ऑलिंपिक होती.

टवाळ

(हलके घ्या, काका. पँट घेतलीये मी.)

मूकवाचक

इतकी वर्षं नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. तीन पर्यायांत नसलेला चौथा सुचवू का? घरात भिंतीवर कागद लावून सराव होईल असं सिंगल स्ट्रोक एअर पिस्तूल. माझं इझ-४६एम आहे. वापरलेलं घेतलं. नळीखाली एक लांब तरफ आहे, ती उघडून मिटली की एका गोळीपुरती हवा दाबली जाते. सिलिंडर नाही, पंप नाही, वायूचा खर्च नाही. नळी उत्तम, ट्रिगर चार बाजूंनी जुळवता येतो. हवा न दाबता नुसता ट्रिगर चढवून ड्राय फायर, म्हणजे गोळीविना ट्रिगरचा सराव, करता येतं. मी रोज सकाळी वीस मिनिटं तेच करते, छर्रा एकही नाही.

तोटा म्हणजे ६० वेळा तरफ मिटताना दंड भरून येतो. शेवटच्या वीस गोळ्यांत हात थकलेला असतो.

बेरीज_वजाबाकी

मूकवाचकताई, बोलत जा हो. १० मीटरवर दहाचं रिंगण ११.५ मिमी, छर्रा ४.५ मिमीचा. ते जमलं की २५ मीटरचं ५० मिमीचं रिंगण बैलगाडीच्या चाकाएवढं वाटतं. अंतराच्या प्रमाणात बघितलं तरी १० मीटरचं दहा जवळपास पावणेदोन पटीने लहान आहे.

तिरकस

आलं का वळसा घालून! विचारलं होतं "कोणतं हँडगन", उत्तर "छर्रे मार". उद्या कुणी मोटारसायकल विचारली तर सायकल सुचवाल.

रेंजवाली_ताई

पाय कच्चे असतील तर सुचवीनच. पण तिरकस, तुमचा एक मुद्दा मला मान्य आहे. हौस मेली तर सगळंच मेलं. क्लबमध्ये ९ मिमी भाड्याने मिळत असेल तर महिन्यातून एकदा ५० गोळ्या मारून यावं. मालकी कशाला?

तिरकस

हे मान्य. (नोंद घ्यावी, आज मी एक गोष्ट मान्य केली.)

नवखा_नेमबाज

बापरे, काल रात्री झोपलो तेव्हा सहा प्रतिसाद होते. सगळ्यांचे आभार. टोकारेवचं भूत अर्धं उतरलंय. नागांटचं वाचून पुन्हा थोडं चढलं.

आता एअर पिस्तूल की .२२ एवढंच उरलंय. वापरलेलं घेताना काय बघायचं? मला फसवणं फार सोपं आहे.

वंगणवाला

वापरलेलं घेताना आधी कागद. नंबर पिस्तुलावरचा आणि कागदावरचा एकच हवा, आणि हस्तांतर कायद्याने, नोंदणीकृत विक्रेत्यामार्फत. इथे बचत करायची नाही.

मग प्रूफची खूण. सीआयपीच्या (बंदुका तपासण्याचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) देशांत विकल्या गेलेल्या बंदुकीवर प्रूफ हाऊसचा ठसा असतो, म्हणजे जास्त दाबाचं काडतूस मारून ती तपासलेली आहे. मग नळीतून उजेडाकडे बघणे (रिकामी आहे हे दोनदा बघून, स्लाइड मागे अडकवून). आत गोल कडं दिसलं, म्हणजे सावलीची अंगठी, तर नळी तिथे फुगलीय. आधीची गोळी अडकलेली असताना मागून दुसरी मारल्याची ती खूण. असा नग हातात धरायचा नाही.

.२२ मध्ये चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) कडेला पिनचा खळगा पडलाय का ते बोटाने चाचपा. .२२ म्हणजे रिमफायर, त्यात पिन काडतुसाच्या कडेवर आपटते. रिकाम्या चेंबरवर ड्राय फायर करत राहिलं की ती पोलादाच्या कडेवर आपटून खळगा करते, आणि मग काडतूस नीट शिरत नाही. डमी काडतूस घालूनच सराव करावा.

एअर पिस्तूल दाबलेल्या हवेचं असेल तर सिलिंडरवरची तारीख. बहुतेक कंपन्या दहा वर्षांची मुदत देतात, आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. २०० बारचा दाब असतो त्यात, चेष्टा नाही. स्वस्त मिळालेल्या पिस्तुलाचे दोन्ही सिलिंडर बाद निघाले तर स्वस्ताई तिथेच संपली. सीओटूवरची जुनी पिस्तुलं याहून स्वस्त मिळतात, पण तो वायू तापमानाप्रमाणे दाब बदलतो. थंडीत भोकं खाली उतरतात. सिंगल स्ट्रोकचं असेल तर हवा दाबा, एक मिनिट थांबा, मग मारा. आवाज मेलेला आला तर सील गेलंय. सील बदलणं सोपं, पण मिळतंय का ते आधी विचारा. भाव पाडायलाही उपयोग होतो.

शंकासुर

वाखुसा. छापून घेतो.

चष्मिस

मी असाच एक नग फोटो बघून घेतला होता. नळी झक्क, सील नवं, सगळं ठीक. ग्रिप (मूठ) मात्र आधीच्या मालकाने स्वतःच्या पंजासाठी कानशीने कोरलेली. माझा पंजा त्यात म्हणजे लहान मुलाने बापाचा बूट घातल्यासारखा. पुट्टी भरून भरून चार महिने गेले. ग्रिप बघा मंडळी.

रेंजवाली_ताई

शंभर टक्के. ग्रिप चुकली की ट्रिगरवर बोट तिरकं पडतं. ट्रिगर बोटाच्या पहिल्या पेराच्या मध्यावर आला पाहिजे आणि सरळ मागे गेला पाहिजे. हात डोळे मिटून वर उचला, डोळे उघडा, साईट जवळपास जुळलेल्या दिसल्या तर ग्रिप तुमची.

वंगणवाला

ग्रिपवरून एक गोष्ट. हंगेरीचा कारोली ताकाच, सैन्यातला नेमबाज. १९३८ साली सरावात हातबॉम्ब हातातच फुटला, उजवा हात गेला. ज्या हाताने मारायचा तोच. डाव्या हाताने पहिल्यापासून शिकला आणि १९४८ साली लंडनला रॅपिड फायर पिस्तुलात सुवर्ण. १९५२ साली हेलसिंकीला पुन्हा सुवर्ण. पिस्तूल, ग्रिप, सगळं डाव्या हातासाठी करून घ्यावं लागलं असणार.

नवखा_नेमबाज

वा! डावखुऱ्यांचा विषय निघाला ते बरं झालं, मीही डावखुरा आहे.

खडूसकाका

काय?

टवाळ

धाग्याला कलाटणी!!!

रेंजवाली_ताई

हे आता सांगतोस? पस्तीस प्रतिसाद झाल्यावर? मग सात महिने क्लबच्या पिस्तुलाची कुठली ग्रिप धरत होतास?

नवखा_नेमबाज

तीच, सगळे धरतात ती. मला वाटलं ती अशीच बोचते.

खडूसकाका

उजव्या ग्रिपवर डाव्या हाताने ४९१?

माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. अंगण वाकडं होतं.

रेंजवाली_ताई

बरं, मग सगळं नव्याने. स्पर्धेची ग्रिप एका हाताच्या साच्यात असते, अंगठ्याचा कट्टा एका बाजूला, तळव्याचं फळकुट दुसऱ्या. वापरलेल्या बाजारात डावी ग्रिप शोधणं म्हणजे गवतात सुई. पिस्तूल घे आणि ग्रिप वेगळी कर: बाहेरून डावी मागव, किंवा लाकडाचा ठोकळा कोरून. फक्त मनगटाला टेकू देणारं काही करू नकोस, नियमात बसत नाही. इझ-४६एमला लोक घरी ग्रिप कोरतात, रचना सोपी आहे. आणि सेमी-ऑटो .२२ तूर्तास नकोच. रिकामं काडतूस उजवीकडे उडतं, डाव्या हातात धरलं की ते तुझ्यासमोरून जातं. चष्मा आणि टोपी असली तरी नवख्याच्या पापण्या लवतात.

आधी आणखी एक कर. दोन्ही तळहातांत लहानसा त्रिकोण करून दूरची एखादी वस्तू त्यात पकड, मग एकेक डोळा मीट. कोणत्या डोळ्याने वस्तू त्रिकोणातच राहते?

नवखा_नेमबाज

डाव्या.

रेंजवाली_ताई

सुटलास. हात डावा आणि डोळा उजवा निघाला असता तर आणखी दोन पानं लिहावी लागली असती.

तिरकस

सीझेडच्या वळणाच्या काही पिस्तुलांना सेफ्टी दोन्ही बाजूंना असते, एवढं सांगून गप्प बसतो.

वंगणवाला

आणि टोकारेवला मुळात नाहीच, म्हणजे डावा-उजवा भेदभावच नाही. (मारू नका.)

नवखा_नेमबाज

पाच आठवड्यांनी परत आलोय. धागा वर काढल्याबद्दल माफी.

वापरलेलं इझ-४६एम मिळालं. वंगणवाल्यांनी सांगितलं तसं हवा दाबून एक मिनिट थांबलो. आवाज मेलेलाच आला. विक्रेत्याने स्वतःहून किंमत उतरवली, सीलचा संच मी मागवला, एका रविवारी बदलला. अर्धा तास म्हणतात, मला पाच लागले. एक स्प्रिंग उडाली ती कपाटाखाली सापडली.

ग्रिप अक्रोडाच्या ठोकळ्याची. चष्मिस यांचा अनुभव वाचून आधी पुट्टीचा नमुना केला, मग लाकूड. पहिली ग्रिप चुकली. तरफ मिटताना बोट सापडत होतं. दुसरी जमली. दिसायला भाजलेल्या रताळ्यासारखी आहे, पण डोळे मिटून हात उचलला तर साईट समोर येतात. ट्रिगर ५२० ग्रॅमवर लावलाय. रोज वीस मिनिटं ड्राय फायर, मूकवाचक यांच्याप्रमाणे.

काल रेंजवर पहिल्यांदा पूर्ण ६०. स्कोर ५०६.

मूकवाचक

५०६! दंड भरून आला का?

नवखा_नेमबाज

चमचा उचलवत नाहीये.

बेरीज_वजाबाकी

दहा-दहा गोळ्यांचा मालिकानिहाय स्कोर द्या. आकडे बघितल्याशिवाय मला झोप येत नाही.

नवखा_नेमबाज

८६, ८८, ८५, ८७, ८४, ७६. शेवटच्या मालिकेत नऊच भोकं मिळाली. दोन छर्रे एकाच भोकातून गेले असणार, म्हणून ते मी दहा धरले.

खडूसकाका

शेजारच्या लेनवर कोण होतं?

नवखा_नेमबाज

एक आजोबा होते. त्यांच्या कागदावर अकरा भोकं निघाली म्हणून ते रेंज ऑफिसरशी वाद घालत होते.

रेंजवाली_ताई

क्रॉसफायर, म्हणजे तुझा एक छर्रा त्यांच्या कागदावर. शून्य धर. ४९६.

नवखा_नेमबाज

धरलं. तरी पाचने जास्तच आहे.